अमेरिकेहून आलेला लॅपटॉप, चपटी पिन आणि आपल्या घरचं अर्थिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अमेरिकेतलं शिक्षण संपवून नागपुरात मनीषनगरच्या घरी परतली. तिच्या लॅपटॉपची पिन चपटी, आपल्या बोर्डात बसत नाही. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका दुकानदाराने दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर, म्हणजे नुसती पिन बदलून देणारा जोड, दिला. दुसरा म्हणाला, तिकडचं सामान एकशेदहा व्होल्टचं असतं, व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, नाही तर लॅपटॉप जळेल. कन्व्हर्टर लावून काम सुरू केलं, तर लॅपटॉपच्या पत्र्यावरून हात फिरवताना मुंग्या येतात. घरात वडिलांच्या जुन्या लॅपटॉपचा नव्वद वॉटचा अडॅप्टर पडून आहे, तो चालेल का? आणि हॉलमध्ये एकच एक्स्टेंशन बोर्ड आहे, त्यावरच कूलर चालतो, तिथे लॅपटॉप लावला तर चालेल का?

ताई, ट्रान्सफॉर्मर घेऊ नका. कन्व्हर्टरही बाजूला ठेवा. बहुतेक तुम्हाला एक रुपयाही खर्च करावा लागणार नाही, कारण जी वस्तू हवी ती वडिलांच्या जुन्या अडॅप्टरला लागलेली आहे. तो अडॅप्टर नको, त्याची भिंतीकडची वायर हवी. ते कसं, ते सांगतोच. पण तुमच्या प्रश्नांमधला मला सगळ्यात जास्त खटकलेला भाग कूलरचा आहे, आणि मुंग्यांची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. तिथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

आधी व्होल्टेजची भीती संपवू. अडॅप्टर उलटा करून लेबल वाचा. इनपुटच्या ओळीत १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल. एवढं दिसलं की विषय संपला. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, हे सगळं त्या पट्ट्यात येतं. आतली रचनाच तशी आहे. अडॅप्टर आलेली एसी आधी डीसी करून घेतो. आपल्या २३० व्होल्टची ती साधारण ३२५ व्होल्ट डीसी होते. मग एक ट्रान्झिस्टर ती डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून लॅपटॉपला हवं तेवढं व्होल्टेज बाहेर काढतो. आत येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं की तोडण्याचा हिशोब तो स्वतःच बदलतो, कुठलं बटण फिरवावं लागत नाही. (जुन्या डेस्कटॉपच्या मागे ११५/२३० चं लाल बटण असायचं. ते कोणी पोराने ११५ वर सरकवलं की आपल्या लाइनवर मोठा फटाका. लॅपटॉपच्या अडॅप्टरला ती भानगड नाही.) रात्री उशिरा आपल्याकडे मीटरवर २४५ दिसले तरी घाबरू नका, चांगल्या अडॅप्टरमध्ये २६४ व्होल्टपर्यंतची सोय धरलेली असते.

त्याच ओळीत १.७ किंवा १.८ अँपिअर लिहिलेलं पाहून काही लोक लोडचा हिशोब चुकवतात. तो आकडा सगळ्यात वाईट परिस्थितीचा, म्हणजे १०० व्होल्टचा असतो. २३० वर पासष्ट वॉटचा अडॅप्टर पूर्ण जोरात चालला तरी अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो.

ट्रान्सफॉर्मर सांगणारा दुकानदार अगदीच चुकीचं बोलला असं नाही, त्याने ते भलत्या वस्तूला लावलं. मुलीच्या बॅगेत हेअर ड्रायर, स्ट्रेटनर, केटल किंवा मिक्सर असेल तर त्यांची लेबलं जरूर वाचा. तिथे नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर ती वस्तू आपल्या लाइनवर लावू नका. १२० चं हीटर २३० वर लावलं की वॉटेज पावणेचार पट होतं. दीड हजार वॉटचा ड्रायर साडेपाच हजार वॉट मागायला लागतो आणि काही सेकंदांत त्याची कॉइल जाते. अशा वस्तूंसाठी मोठा ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा इथला नवा ड्रायर स्वस्त पडतो.

आणखी एक वस्तू लोक हमखास आणतात, ती म्हणजे तिकडची सहा-आठ सॉकेटची पट्टी, सर्ज प्रोटेक्टरवाली. ती इथे अजिबात लावू नका, कन्व्हर्टर लावूनही नाही. तिच्या आत एमओव्ही नावाची गोल चकती असते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ती चकती करंट स्वतःकडे ओढून घेते. तिकडच्या पट्टीतली मर्यादा १२० व्होल्टच्या हिशोबाने ठरवलेली. आपले २३० व्होल्ट तिला कायमचा विजेचा झटकाच वाटतो. ती तापते, धूर निघतो, कधी पेटही घेते. ‘नुसती पट्टी तर आहे, तिला काय होणार’ म्हणून लावली जाते आणि मग ती काळी पडलेली माझ्या टेबलावर येते.

आता वायर. लॅपटॉपच्या अडॅप्टरचे दोन भाग असतात : मधला ठोकळा, आणि ठोकळ्यापासून भिंतीपर्यंत जाणारी सुटी वायर. ही वायर ठोकळ्यातून ओढली की निघते. तिच्या टोकाला बेलाच्या पानासारखी तीन गोल भोकं जोडलेली दिसतील. दुकानदाराला दाखवताना ‘मिकी माऊस कॉर्ड’ म्हटलं तरी समजतं. पुस्तकी नाव सी-५. हे टोक जगभर एकच आहे. अमेरिकेत घेतलेल्या ठोकळ्यात नागपूरची वायर बसते, आणि नागपुरात घेतलेल्या ठोकळ्यात लंडनची. बदलतं ते फक्त भिंतीकडचं टोक.

वडिलांच्या जुन्या अडॅप्टरची वायर ओढून काढा. तिचं टोक असंच असेल आणि भिंतीकडे आपला तीन पिनचा टॉप (प्लग) असेल, तर तीच मुलीच्या ठोकळ्याला लावा. काम झालं. टोक जुळलं नाही, किंवा वायर कडक होऊन तडकली असेल, तरच नवी घ्या. साध्या चांगल्या वायरला शंभर-दोनशे रुपये पडतात. घेताना टॉपवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १२९३ हा नंबर उठवलेला आहे का बघा. आपल्या टॉप आणि सॉकेटचं ते मानक. खिशात चुंबक ठेवला तर फारच छान. पिना पितळेच्या असल्या तर चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा, ती वायर परत ठेवा.

काही छोट्या ठोकळ्यांना दोनच भोकांची वायर लागते, रेडिओला असायची तशी. ती सी-७. त्यात अर्थिंग नसतं आणि त्या ठोकळ्याला लागतही नाही, कारण त्याचं इन्सुलेशन दुहेरी असतं. लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण दिसेल. मॉनिटर आणि डेस्कटॉपला जाडजूड वायर लागते ती सी-१३, ती लॅपटॉपच्या ठोकळ्यात बसत नाही. तिघांचा घोळ करू नका, एवढंच.

मग दीडशेच्या कन्व्हर्टरने काय बिघडलं? एक तर अमेरिकन वायरवर नीट पाहिलंत तर १२५ व्होल्ट असं कोरलेलं दिसेल. ठोकळा २४० पर्यंतचा असला तरी ती वायर आणि तो प्लग १२५ च्या हिशोबाने मंजूर झालेले आहेत. दोन दिवस चाललं, कोणी मरत नाही, पण रोजच्या वापराची ती वस्तू नाही. दुसरं म्हणजे पकड. आपल्या सहा अँपिअरच्या सॉकेटमधल्या फेज-न्यूट्रलच्या पिना ५.१ मिलिमीटर जाडीच्या असतात. युरोपातल्या मोबाइल चार्जरच्या पिना ४ मिलिमीटरच्या. पुष्कळ कन्व्हर्टर याच बारीक पिनांचे असतात. ते आपल्या सॉकेटमध्ये जातात, पण लटकतात. वरून ठोकळ्याची वायर ओढत असते. थोडा धक्का लागला की चट-चट आवाज येतो. प्रत्येक ‘चट’ला अडॅप्टरमधला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रिकामा होऊन पुन्हा भरतो आणि त्या क्षणी कित्येक अँपिअरचा झटका बसतो. सहा महिने असं चाललं की अडॅप्टर जातो आणि आपण म्हणतो, कंपनीच भंगार.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे अर्थिंग. मुलीच्या वायरला दोन चपट्या आणि एक गोल पिन असेल. ती गोल पिन अर्थिंगची. तुमच्या कन्व्हर्टरला तिसरं भोक असेलही, पण त्या भोकामागे पट्टी आहे का, आणि ती खालच्या जाड पिनेला जोडलेली आहे का, हे कळायला मार्ग नाही. बऱ्याच स्वस्त कन्व्हर्टरांत ते नुसतं भोकच असतं, पिन आत जावी म्हणून ठेवलेलं. खाली दोनच पिना असतील तर प्रश्नच मिटला, अर्थिंग नाहीच. जर्मनीहून येणाऱ्या गोल प्लगची तीच गत. त्याचं अर्थिंग बाजूच्या दोन पत्र्यांतून येतं, आपल्या ‘सगळे प्लग बसतात’ छापाच्या सॉकेटमध्ये त्या पत्र्यांना काहीच टेकत नाही. दुबई, सिंगापूर, इंग्लंडचा चौकोनी पिनांचा प्लग आला तर त्यात छोटा फ्यूज असतो, प्लग उत्तम असतो, पण उपाय तोच : वायर बदला. ज्या चार्जरची पिन अंगालाच चिकटलेली आहे, वायर निघतच नाही, तो मात्र कन्व्हर्टरवर लोंबकळत ठेवण्यापेक्षा इथला नवा चार्जर घेतलेला बरा. ॲपलच्या ठोकळ्याचा कोपरा सरकवून काढता येतो आणि त्याजागी लांब वायर बसवता येते. लांब वायर घेतलीत तर अर्थिंग मिळण्याची सोय होते, कारण ठोकळ्यावरचा तो धातूचा गोल गट्टू त्याचसाठी आहे. छोट्या कोपऱ्यात ती सोय असतेच असं नाही.

आता मुंग्या. अडॅप्टरच्या आत मेन लाइनची बाजू आणि लॅपटॉपची बाजू वेगळ्या असतात, पण रेडिओला-वायफायला त्रास होऊ नये म्हणून दोघींच्या मध्ये छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांतून अगदी थोडा करंट झिरपतो, ०.१ किंवा ०.२ मिलिअँपिअरच्या घरातला. अर्थिंग जोडलेलं असलं की तो जमिनीत निघून जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसलं की लॅपटॉपचा पत्रा अधांतरी राहतो. मल्टिमीटर लावला तर शंभर-सव्वाशे व्होल्टदेखील दिसतात. आकडा पाहून घाबरायला होतं, पण त्यामागे ताकद नसते. हलका हात फिरवला की खरखर जाणवते, तळहात घट्ट टेकवला की जाणवत नाही. पायात चप्पल असली तर कमी, फरशीवर अनवाणी असलात तर जास्त. माणसाला धोका नाही, पण लॅपटॉपला थोडा आहे : अशा अधांतरी लॅपटॉपची एचडीएमआय वायर अर्थिंगवाल्या टीव्हीत किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टरमध्ये खुपसताना ठिणगी पडते आणि पोर्ट जातो. म्हणून आधी ती एचडीएमआय वायर जोडा, मग चार्जर सुरू करा.

हे सगळं अडॅप्टर अस्सल असेल तर. बनावट अडॅप्टरमध्ये त्या सुरक्षित कपॅसिटरच्या जागी पाच पैशांचा साधा कपॅसिटर घातलेला असू शकतो. तो शॉर्ट झाला तर मेन लाइनच पत्र्यावर येते. मग त्याला मुंग्या म्हणत नाहीत.

आपली तीन पिनची वायर लावल्यावर मुंग्या थांबल्या तर बरं झालं, निदान अर्थिंग जोडलेलं आहे; त्यात दम किती, ते पुढे पाहू. थांबल्या नाहीत तर लगेच अडॅप्टरला दोष देऊ नका, बहुधा भिंतीत अर्थिंग नाही. आणि नागपुरात हे फार सापडतं. जुन्या घरांत वायरमनने अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधून दिलेली असते. तेव्हा पाइप थेट जमिनीत जायचा, काम भागायचं. पुढे घरमालकाने नळ बदलले, प्लॅस्टिकचा पाइप आला आणि अर्थिंग मधेच तुटलं. बोर्डावर तीन भोकं तशीच, जाड पिन आत जाते, वायरही आहे, पण पलीकडे जमीन नाही. बिल्डरच्या फ्लॅटमध्ये अर्थिंगचा खड्डा असतो, पण त्यावर पार्किंगची फरशी टाकलेली असते. आणि खड्डा नीट असला तरी आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते. माती आकसली की अर्थिंगच्या पाइपला सोडून देते. म्हणून खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. कूलरला दिवसाला दहा बादल्या घालतो, खड्ड्याला आठवड्यात एक घालायला कोणाला आठवत नाही.

आता कूलर याच्यात कुठे येतो ते पाहा. एक्स्टेंशन बोर्डाच्या आत तीन पट्ट्या असतात : फेजची, न्यूट्रलची आणि अर्थिंगची. सगळ्या सॉकेटची जाड भोकं त्या एकाच अर्थिंगच्या पट्टीवर असतात. घरात अर्थिंग जिवंत असेल तर ती पट्टी जमिनीला जोडलेली असते, उत्तम. अर्थिंग मेलेलं असेल तरी पट्टी सगळ्या उपकरणांना एकमेकांशी जोडतच राहते. म्हणजे कूलरचा पत्रा आणि तुमच्या मुलीच्या लॅपटॉपचा पत्रा एकाच वायरवर. आता कूलरच्या पंपात पाणी शिरलं, मोटरची वायंडिंग ओली होऊन बॉडीला टेकली, की कूलरची बॉडी लाइव्ह. जमिनीत जायला वाट नाही, म्हणून फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही. ती फेज पट्टीतून लॅपटॉपच्या अर्थिंगच्या पिनेत येते, तिथून ठोकळ्यात, तिथून लॅपटॉपच्या पत्र्यावर. कूलरला कोणी हातही लावला नाही, आणि पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला शॉक. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. त्यांतल्या बहुतेक घरांत कूलर नवा की जुना याने फरक पडलेला नसतो, फरक पडतो तो अर्थिंग आणि आरसीसीबीने (करंट गळतोय हे ओळखून लाइन तोडणारा स्विच).

यावर ‘मग तिसरी पिनच कापून टाकू, लॅपटॉप वेगळा होईल’ असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. पिन कापली की लॅपटॉप सुटेल कदाचित, पण कूलर तिथेच राहील.

करायचं काय, तर वायरमनला बोलवा आणि नुसत्या टेस्टरवर त्याला सोडू नका. टेस्टर फेज दाखवतो, अर्थिंग दाखवत नाही. मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्ट, पाचच्या आत. तिसऱ्या मापात वीस-चाळीस दिसले, किंवा दुसरं माप शंभरच्या खाली आलं, तर अर्थिंग तुटलेलं आहे. पण मीटर अतिशय कमी करंटवर मापतो, त्यामुळे गंजलेलं, नावापुरतं अर्थिंगही त्याला चांगलं दिसू शकतं. म्हणून जुने वायरमन शंभर वॉटचा बल्ब होल्डरसकट घेऊन फेज आणि अर्थिंगमध्ये लावून बघतात. पूर्ण उजेड पडला तर अर्थिंगमध्ये दम आहे, मिणमिणला तर नाही. हे काम वायरमननेच करावं, घरच्यांनी नाही. घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडेल, आणि ती चांगलीच खूण आहे. नसेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. या सगळ्या पसाऱ्यात पैसे घालायची एकच जागा विचाराल तर मी ही सांगेन. अर्थिंग कमजोर असतानाही, करंट माणसाच्या अंगातून जायला लागला की तो लाइन तोडतो.

आणि कूलरला वेगळं सॉकेट द्या. सरळ भिंतीतलं, एक्स्टेंशनवरचं नको.

वायरमन आलाच आहे तर फेज कुठल्या बाजूला आहे तेही बघून घ्या. जाड भोक वर ठेवून सॉकेटकडे तोंड केलं की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल हवं. अडॅप्टरला उलटसुलट चालतं. पण एक्स्टेंशनच्या बटणाला नाही चालत, कारण उलटं असलं तर बटण न्यूट्रल तोडतं आणि बटण बंद असूनही सॉकेटमध्ये फेज राहते.

लोडचा हिशोब सोपा आहे. सहा अँपिअरचा बोर्ड म्हणजे साधारण १,३८० वॉट. लॅपटॉप, मोबाइल, राउटर, टेबल लॅम्प सगळं मिळून दोनशे वॉट होत नाही. त्यांनी बोर्ड जळत नाही. जळतो तो मधेच कोणी तरी इस्त्री किंवा केटल लावल्यामुळे. हजार वॉटची इस्त्री सव्वाचार अँपिअर घेते, दीड हजाराची केटल साडेसहा. सॉकेट थोडं सैल असलं, समजा अर्धा ओहम विरोध आला, तर सहा अँपिअरला त्या एका ठिपक्यात अठरा वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नएवढी. प्लॅस्टिक वितळायला पुरे. तेच सैल सॉकेट लॅपटॉपच्या अर्ध्या अँपिअरला जेमतेम एक अष्टमांश वॉट गरम होतं. म्हणून ‘चार वर्षं लॅपटॉप चालला, काही झालं नाही’ हा पुरावा केटलला लागू पडत नाही.

वायर किती जाड हे बोर्डाच्या रंगरूपापेक्षा महत्त्वाचं. वायरवर ०.७५ किंवा १.० चौरस मिलिमीटर असं छापलेलं हवं, सोबत आयएस ६९४ हा नंबर. काहीच छापलं नसेल तर ती वायर घेऊ नका. दहा मीटरची अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर सहा अँपिअरला पंचवीस वॉट उष्णता टाकते. पसरलेली असेल तर ती हवेत निघून जाते. गुंडाळी करून कपाटामागे ठेवली, आणि बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, तर आतले वेढे मऊ पडतात. लांब रीलची एक्स्टेंशन वापरताना ती पूर्ण उलगडायची ती यासाठी. एका एक्स्टेंशनवर दुसरी, तिच्यावर मल्टीप्लग, ही आगगाडी करू नका.

अडॅप्टरचा ठोकळाही गादीवर, उशीखाली नको. हात ठेवता येईल एवढा गरम होणं नॉर्मल आहे, पण मे महिन्यात खोलीच चाळीसच्या जवळ असते, वर गादी, मग तो कुठे थंड होणार? फरशीवर ठेवा. कूलरचे तुषार पोचतील इतक्या जवळ मात्र नको.

वडिलांच्या अडॅप्टरबद्दल. त्याच्या आउटपुटला बहुधा १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपिअर असेल. नियम एवढाच : व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. जास्त अँपिअर म्हणजे देण्याची क्षमता जास्त, लॅपटॉप लागतं तेवढंच घेतो. कमी अँपिअरचा लावला तर तो तापतो, बंद पडतो, किंवा बॅटरी चार्जच होत नाही. गोल पिनवाल्यांमध्ये आणखी एक अडचण आहे. डेल आणि एचपीच्या पिनेत मधोमध बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप अडॅप्टरला ओळखतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि वेग मंदावतो. लोक बॅटरी बदलायला येतात आणि दोष त्या सुईचा निघतो. आठ-दहा टोकं आणि व्होल्टेजचं सरकतं बटण असलेला ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर मला म्हणूनच पटत नाही. टोक बसलं म्हणजे जमलं असं नसतं, आणि पाठीवरचं बटण प्रवासात कधी सरकेल याचा नेम नाही.

पण तुमच्या मुलीच्या लॅपटॉपला टाइप-सी चार्जर आहे का ते बघा. दोन-तीन वर्षांतला असेल तर शक्यता बरीच. लेबलवर आउटपुटला एकाऐवजी चार आकडे दिसतील : ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. इथे चार्जर आणि लॅपटॉप आधी एकमेकांशी बोलतात, ठरवतात आणि मगच व्होल्टेज वाढतं. तोपर्यंत फक्त पाच. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा चांगला पासष्ट वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे अशी बोलणी करणारा) चार्जर निर्धास्त चालतो, ऑफिसमध्ये एक आणि घरी एक ठेवता येतो. फक्त केबलकडे लक्ष द्या. मोबाइलची साधी टाइप-सी केबल तीन अँपिअरची, म्हणजे साठ वॉटपर्यंत. त्याच्या वर पाच अँपिअरची, आत चिप असलेली केबल लागते, तिच्यावर १०० किंवा २४० वॉट लिहिलेलं असतं. अशा लॅपटॉपला वडिलांचा गोल पिनचा अडॅप्टर लावायला बर्डीवर छोटं टोक विकत मिळतं, एका बाजूला गोल भोक, दुसऱ्या बाजूला टाइप-सी. ते घेऊ नका. आत बोलणी करणारी चिप नीट नसेल तर पाच व्होल्टची वाट पाहणाऱ्या पोर्टवर सरळ साडेएकोणीस व्होल्ट जातात. वाचवलेले हजार रुपये मदरबोर्डच्या दुरुस्तीत पाच-सात पटींनी जातात.

नवा अडॅप्टर घ्यायची वेळ आलीच तर लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. लॅपटॉपचे अडॅप्टर सक्तीच्या नोंदणीत येतात. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव आणि वस्तू दिसते. डबीवर एक नाव आणि ॲपमध्ये दुसरंच, किंवा वस्तू भलतीच, तर दुकानातच परत करा. हे काम काउंटरवर उभं राहून एका मिनिटात होतं. दुकानदार ‘काही होत नाही जी, सगळे हाच नेतात’ म्हणेल. म्हणू द्या.

इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर साइन वेव्ह असला तर निश्चिंत. जुना स्क्वेअर वेव्ह असला तरी अडॅप्टर चालतो, थोडा गुणगुणतो, जास्त तापतो.

शेवटी स्पाइक गार्ड, म्हणजे आपल्याकडची सर्ज प्रोटेक्टरवाली पट्टी. इथला, आयएसआयचा, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावलेला असेल तर तो छोटे झटके झेलतो. त्यातली चकती झटके खाऊन खाऊन संपते, बरेचदा दिवा लागलेलाच राहतो, म्हणून काही वर्षांनी तो बदलायचा असतो. व्होल्टेज कमी-जास्त होणं तो सांभाळत नाही, त्याचं ते कामच नाही. खांबावरचं न्यूट्रल तुटलं तर एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात व्होल्टेज चारशेकडे जातं. अशा वेळी स्पाइक गार्ड आणि अडॅप्टर दोघेही जातात. दिवे एकाएकी फार तेज झाले तर मेन स्विच पाडा आणि महावितरणला फोन करा, नुसता लॅपटॉप काढून भागणार नाही.

रोहिणी-मृगातल्या वादळात वीज जवळ पडत असेल तर कुठल्याच पट्टीवर विसंबू नका, प्लग काढा. बटण बंद करणं पुरत नाही, कारण बटणाच्या पत्र्यांतलं अंतर त्या विजेपुढे काहीच नाही. लॅपटॉपला इंटरनेटची वायर लागलेली असेल तर तीही काढा, कारण गच्चीवरून येणाऱ्या वायरीतून झटका सरळ पोर्टमध्ये येतो. आणि राउटरचा प्लगही काढा. त्याचा तो बारीकसा अडॅप्टर सगळ्यांच्या आधी जातो, आणि पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात तो बदलायला दुकानात रांग लागते.